पाण्याखाली काय होतं?

छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं आणि आलं की घरोघरी हंडे, ड्रम, टाक्या भरायची धांदल उडते. हे पाणी पैठणच्या नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं. धरणात किती टक्के साठा आहे, हे आपण विचारतो. त्या पाण्याखाली आधी काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

जायकवाडी हे बीड जिल्ह्यातलं गाव. धरण आधी तिथं व्हायचं होतं. पुढं जागा बदलून पैठणला गेली, नाव मात्र तेच राहिलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. इथला मुलूख सपाट. त्यामुळे पाणी खोल साठण्याऐवजी आडवं पसरलं, सुमारे ३५० चौरस किलोमीटर. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली गोदाकाठची काळी जमीन त्याखाली गेली. पसारा मोठा आणि पाणी उथळ, म्हणून उन्हाळ्यात बाष्पीभवनही भरपूर होतं.

जमिनीचा मोबदला ठरतो सातबाऱ्यावरून. पण नदीकाठचं सगळं जगणं सातबाऱ्यावर मावत नाही. पात्र आटल्यावर वाळूत टरबुजांच्या वाड्या लावणारे, गायरानात गुरं चारणारे, मासेमारी करणारे भोई, दुसऱ्याच्या रानात राबणारा सालगडी, यांच्या नावावर अनेकदा गुंठाभरही जमीन नसते. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये आणि पर्यावरणीय आघाताचा अभ्यास सक्तीचा झाला १९९४ मध्ये. तोवर इथली गावं उठून गेली होती.

पाण्यानं पुढं नवा वापर घडवला. पाणी ओसरलं की गाळपेर जमीन उघडी पडते आणि शेतकरी तिच्यात पिकं घेतात. त्याच चिखलात पाणपक्षी चरतात. थंडीत परदेशी पाहुणेही येतात. १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य झाला. आता एकाच गाळावर नांगराचाही हक्क आणि चोचीचाही; शेतात मारलेलं औषध शेवटी पाण्यातच उतरतं.

म्हणून नवं धरण सुचवलं जाईल तिथली पाहणी तिन्ही ऋतूंत व्हायला हवी. पावसाळ्यात पाहिलेल्या नदीत उन्हाळ्यातली वाडी दिसत नाही, आणि उन्हाळ्यात गेलं तर थंडीतले पक्षी दिसत नाहीत. जमीन कुणाच्या नावावर आहे एवढंच न लिहिता तिच्यावर कोण जगतं हेही लिहावं, आणि ती यादी गावच्या चावडीवर वाचून दाखवावी. धरणाच्या जनसुनावणीला शहरातल्या माणसांनीही जावं. पाणी आपल्याला हवं आहे, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतं, हे विचारण्याचं कामही आपलंच आहे.