पळसाचे चित्र आणि आपले डोळे

वर्गात मुलांना सांगावे, "एक निसर्गचित्र काढा," आणि थोड्या वेळाने वह्या पाहाव्यात. बहुतेक वह्यांत एकच चित्र निघते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. डोंगर कधी न पाहिलेल्या शहरी मुलाने असे काढले, तर आपण समजू शकतो. पण सातपुड्यातल्या मोलगीचे मूलही हेच काढू लागले, तर मात्र विचार करायला हवा. खिडकीबाहेर खरा डोंगर उभा आहे, आणि मूल पाठ केलेला डोंगर काढते आहे!

चित्रकार याच्या अगदी उलट वाटेने जातो. ती वाट कशी असते, ते आज पाहू.

फाल्गुनाचे दिवस घ्या. काठीच्या होळीची तयारी चालली आहे आणि मोलगीकडच्या उतारांवर पळस फुलला आहे. चित्रकार तेथे आला, की लगेच कुंचला हातात घेत नाही. तो आधी नुसता बघत बसतो. सगळ्यांत उजळ काय आहे? सगळ्यांत गडद काय आहे? कशाच्या पुढे काय उभे आहे? एवढे उमगले, की तो निवड करतो. समोर वाट असते, दगड असतात, गुरे असतात, विजेचा खांब असतो. त्यांतले थोडे ठेवायचे नि बाकीचे सोडून द्यायचे. काय सोडायचे हे ज्याला कळले, त्याचे अर्धे चित्र झाले म्हणून समजा.

मग तो एक फूल हातात घेतो. आपण सहज म्हणतो, पळस लाल. पण नीट बघा. रंग शेंदरी-केशरी आहे, खालच्या पाकळ्या पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या आहेत, आणि देठाकडचा पेला मखमली, जवळजवळ काळा आहे. तो काळेपणा शेजारी नसेल, तर केशरी रंग पेटत नाही. 'पळसाला पाने तीन' असे आपण म्हणतो खरे. पण फुलांच्या भरात झाडावर पाने फारशी नसतातच. म्हणून फांद्यांची वाकडीतिकडी रेघ उघडी पडते, आणि झाडाची ठेवण हाती लागते.

आता मागचे डोंगर. जवळचा तपकिरी, त्यामागचा करडा, आणि अगदी लांबचा फिकट निळा. तो काही निळ्या दगडाचा नाही. मधल्या हवेत उन्हातला निळा प्रकाश अधिक विखुरतो, तोच आपल्याला दिसतो. म्हणून दूरच्या रांगेसाठी चित्रकार निळ्यात पुष्कळ पाणी घालतो. निळा आणि केशरी हे तर परस्परविरोधी रंग; निळसर डोंगरापुढे पळस अधिकच उजळतो. जलरंगात फिकट आधी आणि गडद मागाहून, असा क्रम असतो. कारण एकदा काळवंडलेला कागद सहसा पुन्हा उजळत नाही.

एकदा बघून भागते, असेही नाही. १९३१ साली वारलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहिले, आणि त्या परिसराची चित्रे पुन्हा पुन्हा काढत राहिले. फ्रान्समध्ये मोने याने १८९०-९१ च्या सुमारास शेतातल्या गंज्याच वेगवेगळ्या वेळी रंगवल्या. गंजी तीच, ऊन बदलले, की चित्र बदलले.

आणि समोर बसूनच काढले पाहिजे, असेही नाही बरे का! नर्मदेपलीकडे, झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या भुरीबाई या भिल्ल चित्रकर्ती भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला होत्या. तेथे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. भुरीबाईंनी गावाकडची झाडे, मोर, जनावरे आठवणीतून काढली, ठिपक्या-ठिपक्यांनी भरली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आबालाल यांची रीत वेगळी, भुरीबाईंची वेगळी. पण दोघांनीही आपण पाहिलेलेच काढले.

गुरुजन हो, आता तुमच्याशी दोन शब्द. उन्हाळ्याच्या तोंडाशी कुसुंबाची कोवळी पालवी लालभडक असते. एखाद्या मुलाने पाने लाल रंगवली, तर "पाने हिरवी असतात" म्हणून फुली मारण्याआधी त्याच्याबरोबर बाहेर जाऊन झाड बघावे. त्या एका फुलीने मूल शिकते, की आपल्या डोळ्यांपेक्षा दुसऱ्याचे सांगणे खरे. मग पुढे शेतातले पीक, दुकानातला तराजू, सही मागणारा कागद, सारेच ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघू लागते.

याला खर्च लागत नाही. गेरू आहे, चुना आहे, तव्यामागची काजळी आहे. चित्रकलेच्या तासाला मुलांना झाडाखाली न्या, आणि पहिली दहा मिनिटे पेन्सिली खाली ठेवून नुसते बघायला सांगा. मग काढू द्या. डोंगर वाकडा आला तरी चालेल; तो त्यांचा स्वतःचा असेल.