पांढरा रंग राखायचा असतो

(सायली येथे मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



माझी ही साडी पाहून बऱ्याच जणींनी विचारलं, "ही वारली चित्रं पांढऱ्या रंगानं काढलीत का?" नाही. या साडीवर पांढरा रंग कुठेच लावलेला नाही. पांढरं दिसतंय ते मूळचं रेशीम.

आपल्या आसपासच्या पाड्यांवर सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढतात. भिंत पाणी पिते, पीठ जागच्या जागी राहतं. रेशमाचं तसं नाही. त्याचा रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. थेंब टेकला की तो उभ्या-आडव्या धाग्यांवरून धावत सुटतो. बाटलीतला फॅब्रिक रंग धावत नाही, पण तो कापडावर थरासारखा बसतो आणि रेशमाचा मऊपणा घालवतो.

मग करायचं काय? भाताच्या खाचराला घालतो तसा बांध घालायचा. आधी साडी सौम्य साबणानं धुऊन खळ काढायची. वाळली की चौकटीवर ताणून बसवायची. खाली टेबलाला कापड टेकता कामा नये. मग गुट्टा नावाचा चिकट द्राव बारीक तोंडाच्या बाटलीतून, मेंदीच्या कोनासारखा, रेघेवर सोडायचा. रेघ कापडाच्या पाठीमागे उतरली पाहिजे आणि प्रत्येक आकृती बंद झाली पाहिजे. रंग भरताना कुंचला रेघेजवळ न्यायचा नाही. थोडा लांब टेकवायचा, रंग आपणहून रेघेपर्यंत चालत जातो. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत रेघ वाळायला वेळ लागतो, तेव्हा घाई नको. जिथे बांध नको पण बारीक काम हवं, तिथे रंगच अल्जिनेट घालून दाट करायचा. शेवटी साध्या कागदात गुंडाळून वाफ द्यायची, पण पाण्याचा एक थेंबही कापडावर पडू द्यायचा नाही.

हे सगळं मी शिकले होते. तरी चुकले.

ही साडी माझ्या आईची. ती गेल्यावर कपाटात पडून होती. पदरावर तारपा नाच काढायचं ठरवलं. रेघा झाल्या, वरून छान दिसल्या. पाठीमागून उजेडात धरून पाहायचा कंटाळा केला. भोवताली गेरूचा रंग लावला आणि सातव्या बाईच्या कोपरापाशी तो आत शिरला. तिथे रेघ केसाएवढी तुटली होती. घाबरून ओल्या कापसानं पुसायला गेले, तर डाग दुप्पट झाला. आईची साडी! त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हापासून एक नियम पाळते. रंगाची बाटली उघडण्यापूर्वी प्रत्येक बांधाला बाहेरून साधं पाणी लावून बघते. पाणी फुटलं तर कापड वाळवून पुन्हा रेघ देता येते. रंग फुटला की उपाय नाही.

तुम्हीही पहिल्यांदा जुन्या रेशमाच्या तुकड्यावर करून पाहा. आणि जाताना माझा पदर जरूर बघा. सातवी बाई लाल आहे. पण नाचातला तिचा हात सुटलेला नाही.