साथ आली म्हणजे आरोग्य खाते काय करते?



शिक्षणाच्या व्यासपीठावरून मी आज रोगराईविषयी बोलणार आहे. कारण साथीची पहिली खूण पुष्कळदा शाळेच्या हजेरीपटावरच उमटते. एकाच मोहल्ल्यातील चार-पाच मुले तापाने घरी बसली, तर शिक्षकाने सावध व्हावे.

2022 साली मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराची, म्हणजे आपण ज्याला खसरा म्हणतो त्याची, साथ आली. राज्यात लहान मुले दगावली. मालेगाव धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटर. रोगाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

अशा वेळी खाते काय करते? एका भागात आठवडाभरात पाच संशयित रोगी आढळले आणि त्यांतील एकाहून अधिकांचा रोग प्रयोगशाळेत पक्का ठरला, की उद्रेक झाला असे धरतात. मग शहरात महानगरपालिकेचे व खेड्यात जिल्हा परिषदेचे कर्मचारी घरोघर फिरतात. ताप व पुरळ असलेली मुले शोधतात, रक्ताचे नमुने पाठवितात, 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दिवशी देतात आणि राहिलेल्या मुलांना लस टोचतात. 2022 मध्ये उद्रेकाच्या भागांत 9 महिने ते 5 वर्षांच्या बालकांसाठी जादा डोसही ठरविण्यात आला.

ही घाई कशासाठी? गोवराचा रोगी पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून इतरांना रोग देऊ लागतो. त्याचे विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतात. नेहमीची पहिली लस नवव्या महिन्यानंतर मिळते. म्हणजे आपण दार लावून आजार लपविला, तर त्याची किंमत शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाला मोजावी लागते.

2018 साली राज्यातील शाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली गेली, तेव्हा काही ठिकाणी अफवा पसरल्या आणि पालकांनी मुलांना शाळेत पाठविले नाही. दोष एकट्या पालकांचा नव्हे. खात्याची माणसे फक्त साथीतच दारी आली, तर विश्वास कसा बसावा? त्यांनी एरवीही यावे, आपल्या बोलीत समजावून सांगावे. 2022 मध्ये मौलवींची मदत घेतली गेली, ती योग्यच होती. परंतु दार उघडणे हे आपले काम आहे.

पालकांना विनंती आहे, की लसीचे कार्ड जपून ठेवा. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान द्यावयाचा असतो, तो चुकवू नका. विद्यार्थी मित्रांनो, घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते कार्ड तुम्ही वाचून दाखवा. शिकल्याचा याहून चांगला उपयोग कोणता?