नवा रेडिएटर आणि जुना गाळ

मे महिन्यातील एखाद्या दुपारी भोपाळहून नर्मदेकडे निघालेल्या प्रवाशाला एक दृश्य पुष्कळदा पाहावयास मिळते. ओबेदुल्लागंज मागे पडते, भीमबेटक्याचा फाटा येतो, रस्ता विंध्याच्या टेकड्यांत शिरतो, आणि एखाद्या वळणावर झाडाच्या विरळ सावलीत जुनी जीप बॉनेट उघडून उभी असते. पुढच्या जाळीतून वाफ निघत असते. मुलेबाळे खाली उतरलेली असतात आणि गाडीचा मालक हातात पाण्याची बाटली घेऊन हताशपणे इंजिनाकडे पाहत असतो. विचारपूस केली, तर तो सांगतो, की गाडीला पंधरा दिवसांपूर्वीच नवा कोरा रेडिएटर बसविला आहे. पैसे खर्च केले, तरी पाणी उकळतेच! मग दोष कोणाचा? दुकानदाराचा, मिस्त्रीचा, की भोपाळच्या उन्हाचा?

बहुतेक वेळा दोष ह्यांपैकी कोणाचाच नसतो. जुन्या रेडिएटरला ज्या रोगाने मारले, तो रोग इंजिनाच्या पोटात तसाच राहू देऊन त्यावर नवा रेडिएटर जोडलेला असतो. विहिरीतील गाळ न उपसता केवळ नवा रहाट बसवावा, अशातलाच हा प्रकार होय.

इंजिनात इंधन जळते, तेव्हा त्याच्या उष्णतेचा एक भाग चाकांपर्यंत शक्तिरूपाने पोहोचतो आणि एक मोठा भाग धुराबरोबर निघून जातो. ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता इंजिनाच्या धातूतून काढून घेऊन बाहेर टाकावी लागते. सिलिंडरांच्या भोवती पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांत पाणी खेळते, तापते, वरच्या नळीने रेडिएटरात येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याला आपली उष्णता देते आणि पंपाच्या ओढीने पुन्हा इंजिनात जाते. दुसऱ्या महायुद्धातील मूळच्या विलीज जीपचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते, व त्याला थंड ठेवण्याचे काम अवघे दहा लिटरांच्या आसपास पाणी करीत असे. एवढेसे पाणी अखंड फिरत राहते, म्हणूनच इंजिन जगते.

ही जीप आपल्या देशाला परकी राहिलेली नाही. मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र ह्या नावाने चालू असलेल्या कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे जेथे सडक संपते तेथून जीपचे राज्य सुरू होते, असा लोकांचा अनुभव झाला. १९५६ च्या १ नोव्हेंबरला भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले. ह्या राज्यात जंगल मोठे, पठार खडकाळ आणि काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात चाकाला न सोडणारा. अशा मुलखात जीपवर हौशी आणि गरजू अशा दोघांचेही प्रेम जडावे, ह्यात नवल नाही.

परंतु जीपला ज्या वाटांची आवड, त्याच वाटा रेडिएटरला जाचक असतात. मोटार सडकेवर वेगाने धावते तेव्हा समोरचा वारा फुकट मिळतो. जंगलातील चढावर जीप पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने सरकते. इंजिन मात्र जोराने फिरत असते. उष्णता भरपूर आणि वारा केवळ पंख्याचा, अशी अवस्था होते. त्यातच गव्हाची कापणी झालेल्या सीहोरकडच्या शिवारातून गाडी गेली, तर भुसा रेडिएटरच्या पातळ पात्यांत अडकतो. पावसाळ्यात त्यावर चिखलाचा लेप बसतो. उंचीचाही परिणाम आहेच. दर तीनशे मीटर चढले, की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. पचमढीच्या धूपगडावर, १३५० मीटरांवर, उघड्या भांड्यातील पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढवून हा उत्कलनबिंदू वर उचलते. म्हणूनच झिजलेल्या रबराचे, स्प्रिंग सैल पडलेले झाकण ही क्षुल्लक बाब नव्हे.

बाहेरचा भुसा डोळ्यांना दिसतो. आतला शत्रू दिसत नाही. महाराष्ट्रातील जुन्या घरांत आंघोळीचे पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब असे. बोअरच्या किंवा विहिरीच्या जड पाण्याने त्याच्या आत पांढरा थर धरतो, हे गृहिणींना चांगले ठाऊक आहे. पाणी तापले की त्यातील चुन्याचे क्षार विरघळलेले राहत नाहीत, तापलेल्या धातूवरच ते बसतात. हा थर उष्णतेला तांब्याच्या किंवा लोखंडाच्या मानाने फारच कमी वाट देतो. इंजिनात त्याच्या जोडीला लोखंडाचा गंज येतो. दोहोंचा मिळून तांबूस गाळ होतो, तो इंजिनाच्या पोकळ्यांच्या तळाशी साचतो आणि पाण्याबरोबर हळूहळू निघून रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवितो. नवा रेडिएटर पंधरा दिवसांत का तुंबला, ह्याचे उत्तर हेच. नव्या, स्वच्छ नळ्यांत जुना गाळ आयताच येऊन बसला.

म्हणून रेडिएटर बदलण्यापूर्वी रोगाची परीक्षा करावी. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून पाण्याचा रंग पाहावा. तांबूस गढूळ असेल तर गंज, वर तेलाचा तवंग असेल तर दोष अधिक खोल. इंजिन चालू करताच वरच्या टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट फुटले असण्याचा संभव असतो. तेथे रेडिएटर बदलून काही साधत नाही. पंख्याचा पट्टा सैल आहे का, पंपाच्या दांड्याजवळून पाणी ठिबकते का, खालची रबरी नळी मऊ पडून ओढीने चपटी होते का, हेही पाहावे. पितळ-तांब्याचा जुना रेडिएटर एकाच सांध्यातून गळत असेल, तर जाणता कारागीर तो कथिलाने झाळून देतो. नळ्याच निम्म्याहून अधिक बुजल्या असतील, तर मात्र बदलणे शहाणपणाचे.

बदलण्याच्या कामाचा क्रम साधा आहे. तो चुकू नये एवढेच. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतील पाण्याची वाफ होते आणि क्षणात तोंड, हात भाजून निघतात. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. सकाळी खाली पसरट टब ठेवून रेडिएटरचा कॉक उघडावा, आणि इंजिनाच्या बाजूचा कॉकही उघडावा. ह्या दुसऱ्या कॉकचा पुष्कळांना विसर पडतो, आणि निम्मे घाण पाणी तेथेच राहते. पाणी येत नसेल तर तोंडाशी साचलेला गाळ तारेने हलकेच मोकळा करावा.

ह्यानंतर धुण्याची पाळी. जुना रेडिएटर अजून जागेवरच असताना लिंबूसताचे सौम्य पाणी भरून इंजिन थोडा वेळ चालवावे, थंड होऊ द्यावे आणि ते पाणी काढून टाकावे. गाळ निघावयाचा असेल तर तो जुन्याच्या नळ्यांत निघू द्यावा. नव्याला त्याची झळ नको. नंतर रेडिएटर उतरवून थर्मोस्टॅट काढावा आणि इंजिनाच्या वरच्या तोंडातून उलट दिशेने स्वच्छ पाणी सोडावे. पाणी नेहमी ज्या वाटेने जाते, तिच्या उलट सोडले की अडकलेला कचरा सुटतो. खालून येणारे पाणी ओंजळीत घेता निर्मळ दिसेपर्यंत हे चालू ठेवावे. घाई करून हे काम अर्धवट सोडले, तर सर्व खर्च व्यर्थ जातो. ज्या गाड्यांत ॲल्युमिनियमचे भाग आहेत, तेथे धुण्याचा सोडा मुळीच वापरू नये. तो त्या धातूला खातो.

थर्मोस्टॅटविषयी एक गैरसमज फार प्रचलित आहे. आपल्या उष्ण प्रदेशात त्याची गरज काय, असे म्हणून अनेक मिस्त्री तो काढून फेकून देतात. वास्तविक इंजिनाला ठराविक उष्णता मिळेपर्यंत पाण्याची वाट अडविणे, हे त्याचे काम. तो नसला, तर इंजिन दीर्घकाळ थंडच चालते, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातील पातेल्यातही करता येते. दोऱ्याने पाण्यात टांगून पाणी तापवावे. त्याच्यावर छापलेल्या अंशाजवळ तो उघडला तर ठीक, नाहीतर नवा घ्यावा. ते पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

नवा रेडिएटर बसविताना त्याच्या खालच्या रबरी गाद्या विसरू नयेत. खडबडीत वाटेवर जीपची चौकट पिळवटते. त्या पिळाचा धक्का रेडिएटरच्या सांध्यांपर्यंत जाऊ नये, म्हणूनच ह्या गाद्या असतात. त्या कडक होऊन फुटलेल्या असतील, तर नवे सांधेही लवकरच गळू लागतात. नळ्या व त्यांच्या पट्ट्याही ह्याच वेळी नव्या घालाव्यात.

मग भरावयाचे काय? भोपाळात हिमवृष्टी होत नाही, तेव्हा कूलंट म्हणजे चैन, असे पुष्कळांना वाटते. परंतु न गोठणे हा त्याचा एकच गुण आहे. तो उत्कलनबिंदू वाढवितो, आणि त्यात गंज रोखणारी द्रव्ये असतात. आपल्याकडे त्याचे खरे मोल ह्या शेवटच्या गुणात आहे. कंपनीने सांगितलेल्या जातीचा कूलंट क्षाररहित पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात, सामान्यतः निम्मेनिम्म, मिसळावा. दोन भिन्न जातींची सरमिसळ करू नये. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू करावे, अडकलेली हवा निघू द्यावी, पातळी खाली गेली की भर घालावी, आणि दुसऱ्या दिवशी थंड असतानाच पुन्हा पाहावे. बाहेरून पाती धुताना पाण्याचा जोर मंद ठेवावा आणि ते इंजिनाच्या बाजूने पुढे सोडावे, म्हणजे भुसा आला त्याच वाटेने परत जातो.

येथे मालकाचे काम संपते, पण नागरिकाचे संपत नाही. टबात साचलेल्या त्या हिरव्या वा तांबूस पाण्याचे काय करावयाचे? कूलंटमधील ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात जाताच विषारी. अंगणात सांडला, तर कुत्रे तो चाटते. मूलही बोट घालते. गटारात ओतला, तर तो उताराने कोठे जाईल, ह्याचा विचार भोपाळकराने तरी करावयासच हवा. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविलेल्या मोठ्या तलावाचे पाणी ह्या शहरातील असंख्य घरे आजही पितात. २००२ मध्ये भोज पाणथळ क्षेत्राला रामसर यादीत स्थान मिळाले. आणि १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायूने ज्या शहराची माणसे मारली, जेथे कारखान्याभोवतीची माती व भूजलही पुढे दूषित आढळले, त्या शहराला सांडलेल्या रसायनाची किंमत निराळी सांगावी लागत नाही. ते पाणी झाकणाच्या डब्यात भरावे, डब्यावर स्पष्ट अक्षरांत नाव लिहावे, तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, आणि टाकाऊ रसायने स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावा. ज्या वर्कशॉपात हे होत नाही, तेथे मालकाने ते मागून घ्यावे.

इतके सारे करण्यास फारतर एक दिवस जातो. तो दिवस ज्याने दिला, त्याची जीप घाटाच्या वळणावर झाडाखाली उभी राहत नाही. उभी राहिलीच, तर काय करावे हेही त्याला ठाऊक असते. इंजिन बंद करावे, माणसांना सावलीत न्यावे, झाकणाला हात लावू नये, तापलेल्या लोखंडावर गार पाणी ओतून त्याला तडा जाऊ देऊ नये, आणि स्वस्थ बसून वाट पाहावी.