पाणी मिठाकडे का जाते?

आळंद-भालकीकडे उन्हाळ्यात घरोघरी कैरीचे लोणचे घालतात. फोडींना मीठ चोळून ठेवले की काही वेळाने भांड्याच्या तळाशी पाणी साचते व फोडी आक्रसतात. उलट, वाळलेला बेदाणा रात्रभर साध्या पाण्यात ठेवला तर सकाळी टपोरा होतो. दोन्ही ठिकाणी पाणी आपोआप हलले. ते कसे?

फळांच्या पेशींभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज जाते. मीठ वा साखर सहसा जात नाही. पाण्याचे कण दोन्ही बाजूंनी ये-जा करीत असतात. पण ज्या बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक, तिकडून पाणी कमी जाते आणि तिकडे अधिक येते. यालाच परासरण म्हणतात. १७४८ साली नॉले या फ्रेंच शास्त्रज्ञाने मद्यार्काच्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्याने बांधून ते पाण्यात बुडविले, तेव्हा पाणी आत शिरून ते कातडे फुगून वर आले होते.

बिदर-कलबुर्गीच्या रानातील तूर याच नियमावर जगते. मुळांतील रस जमिनीतील ओलाव्याहून घट्ट असतो, म्हणून पाणी मुळांत शिरते. त्या ओलाव्यातच क्षार वाढले, तर रान ओले असूनही रोप सुकू लागते.

या भागातील काही कूपनलिकांच्या पाण्यात क्षार अधिक, तर काहींत फ्लोराइड. अशा गावांतून शुद्ध पाण्याची केंद्रे उभी राहिली आहेत. तेथील यंत्र हाच नियम उलटा फिरविते. क्षारयुक्त बाजूवर पुरेसा दाब दिला की पाणी पडद्यातून स्वच्छ बाजूकडे येते. यासाठी उपयोगी पडेल असा पडदा १९५९च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब व श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केला. श्री. सौरिराजन मूळचे भारतीय.

परंतु यंत्र क्षारांचा नाश करीत नाही. घागरीत जे आले नाही, ते सारे दुसऱ्या नळीने बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकवटते. ते पाणी विहिरीकाठी सोडले तर क्षार पुन्हा भूजलात मुरतील. शेतात सोडले तर मुळांच्या वाट्याचे पाणी अडेल. फरशी वा गाड्या धुण्यास ते चालेल, पिकास नव्हे. म्हणून केंद्रावर घागर भरताना दुसरी नळी कोठे रिकामी होते, हेही गावाने एकदा जाऊन पाहावे.