पाणी आधी हंड्यात की उसात?
(नरडाणा येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, तापी ओलांडली की शिरपूर तालुका. तिथे २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल झाले, बंधारे बांधले गेले. जमिनीखाली खडक कुठे, गाळ कुठे, हे शास्त्राने दाखवले. आटलेल्या विहिरींना पाणी आले.

पण कोणती विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, हे हंडा वाहणाऱ्या बाईला तोंडपाठ असते. बायांच्या बैठकांत मी हे नेहमी ऐकते. पाहणीला आलेले साहेब मात्र पारावरच्या पुरुषांनाच विचारतात. उद्या विहीर भरली, तर ते पाणी आधी हंड्यात की उसात, हे कोण ठरवणार?

म्हणून येत्या ग्रामसभेत दोनच मागण्या करू. पाहणीत बाया हव्यात आणि पहिला वाटा पिण्याचा. शास्त्र हवेच, पण आपल्याला विचारून.