शून्य सेकंदांचा डेकोरेटर

मागच्या भागात डेकोरेटर म्हणजे काय ते बघितलं. आज त्यानेच माझी फजिती कशी केली ते सांगते.

एका कामासाठी रोज रात्री ३०० वेबपानं तपासायची होती. एका पानाला साधारण सेकंद, म्हणजे एकूण पाच मिनिटं. पायथनमध्ये २०१५पासून, ३.५ आवृत्तीपासून, 'असिंक' आणि 'अवेट' आहेत. म्हटलं, वापरूया. फंक्शनला 'असिंक' जोडलं, सगळं 'गॅदर'मध्ये टाकलं आणि वर माझा जुना टायमर डेकोरेटर चढवला.

प्रत्येक रिक्वेस्टला ०.०० सेकंद! मी तर स्क्रीनशॉट क्लायंटला पाठवूनसुद्धा दिला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "मॅडम, पाच मिनिटं लागतायत की अजून."

झालं होतं काय, तर असिंक फंक्शन नुसतं बोलावल्यावर आतलं काम सुरूच होत नाही. हातात येतं कोरूटीन. वडापावच्या गाडीवरचं टोकन समजा. वडापाव 'अवेट' केल्यावर. माझा रॅपर साध्या 'डेफ'चा, म्हणून मी मोजत होते टोकन मिळायचा वेळ! रॅपरही 'असिंक डेफ' हवा आणि आत मूळ फंक्शनला 'अवेट' हवं. एवढंच.

टायमरचं तरी हसण्यावारी नेता येतं. पण रिट्राय डेकोरेटर असाच लिहिलात तर तो कधीच रिट्राय करणार नाही. एरर येते 'अवेट'च्या वेळी; तोवर रॅपरमधला 'ट्राय-एक्सेप्ट' संपून गेलेला असतो. आणि हे तुम्हाला कुणी सांगतही नाही.

बरं, घड्याळ दुरुस्त झाल्यावर खरा रोग दिसला. आत मी 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीच वापरत होते. ती उत्तर येईपर्यंत अख्खा इव्हेंट लूप अडवून बसते. वर कितीही डेकोरेटर लावा, आतलं फंक्शन थांबूनच राहणार. मग 'एआयओ-एचटीटीपी' घेतली. ('रिक्वेस्ट्स' सोडायचीच नसेल, तर ३.९पासून 'टू-थ्रेड' आहे.)

आता सुसाट! इतकं, की समोरच्या सर्व्हरने ४२९ पाठवायला सुरुवात केली. म्हणजे, बाई, जरा दमाने. बरोबरच होतं त्याचं. मग सेमाफोर लावून एकावेळी दहाच रिक्वेस्ट सोडल्या. साधारण अर्ध्या मिनिटात काम झालं.

नवा स्क्रीनशॉट पाठवला, आधीचा चुकीचा होता हेही लिहिलं. बिल त्यानंतरच पाठवलं.